गाडी कुणी उघडायची?

रिमोटची गाडी बंद पडली की घरोघरी काय होतं ते मैत्रिणींनो, तुम्हाला ठाऊक आहेच. दोन दिवस पोराची रडारड, मग 'बाबा रविवारी बघतील', आणि शेवटी माळा. तिथून भंगारवाला. बिघाड मात्र बरेचदा अगदी किरकोळ असतो.

गेल्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीसाठी शेजारच्या वहिनींकडे गेले, तेव्हा त्यांच्या धाकट्याची गाडी अशीच मुकी झालेली. आठवीतली लेक म्हणाली, "आई, मी उघडून बघू?" वहिनी फटकन म्हणाल्या, "तू हात लावू नकोस, आणखी बिघडवशील." धाकट्याने आजवर दोन गाड्या खोलून पार वाट लावली होती. तेव्हा मात्र 'डोकं आहे हो पोराला' असं कौतुक झालं होतं! मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, उघडू द्या. यात चार सेल आहेत, म्हणजे सहा व्होल्ट. शॉक बसायची भीती नाही."

आधी सेल. गाडीचे वेगळे, रिमोटचे वेगळे. नवा सेल दीड व्होल्टचा. मल्टिमीटरवर खूप कमी दिसला तर बदलायचा, आणि नव्यात जुना मिसळायचा नाही. (साधा मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. गटाने एक घ्यायला काय हरकत आहे?) रिमोटचा दिवा लागला म्हणजे तिथे वीज पोचते एवढंच कळतं, गाडीपर्यंत संदेश जातोच असं नाही. जुन्या गाड्या २७ किंवा ४९ मेगाहर्ट्‌झवर चालतात. एकाच लहरीच्या दोन गाड्या शेजारी आल्या की गोंधळतात. नव्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या गाड्यांची रिमोटशी ओळख तुटली, तर दोन्ही बंद करून खोक्यावर लिहिलेल्या क्रमाने पुन्हा चालू कराव्या लागतात.

इथे सेल ठीक होते, पण घरातल्या पत्र्यांवर पांढरट-हिरवी पूड साचलेली. सेल गळला की असं होतं. पुडीला उघडा हात लावायचा नाही, डोळ्यांपासून तर लांबच ठेवायची. पोरीने सेल काढले, कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर लावून पत्रे पुसले, मग कोरडे केले. गाडी तरीही ढिम्म.

मग चार स्क्रू काढून वाटीत ठेवले. आत चाकाच्या दांड्याला केसांचा हा एवढा गुंता! असा गुंता असला की मोटर तापते आणि सेल लवकर संपतात. तो काढल्यावर पोरीने मोटरच्या वायरी सुट्या करून एका सेलला टेकवल्या. मोटर फिरली! म्हणजे मोटर शाबूत, दोष वाटेत कुठेतरी. पाहता पाहता तिलाच सापडलं, सेलच्या घरापासून निघालेली लाल वायर डागापाशी तुटलेली. मोबाईल दुरुस्तीवाल्याने एक डाग लावून दिला. पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी गाडी अंगणभर धावली. धाकटा खूश होताच, पण मी बघत होते ते पोरीच्या चेहऱ्याकडे. सबंध दुपारभर तिला कुणी काही शिकवलं नव्हतं, फक्त 'नको' म्हटलं नव्हतं. दहावीनंतर सायन्स घ्यायचं की आर्ट्स यावर घरात चर्चा होते. स्क्रू ड्रायव्हर कुणाच्या हाती द्यायचा हे मात्र चर्चेविनाच ठरून गेलेलं असतं. मी स्वतः आर्ट्सची. लग्नानंतर कितीतरी वर्षं फ्यूज गेला की मेणबत्ती लावून वाट बघत बसायची.

सगळंच उघडायचं नाही, हेही तिला सांगितलं. चार्जिंगची बॅटरी फुगली असेल तर ती टोचायची नाही, चार्जही करायची नाही. रिमोटमध्ये बटणासारखा चपटा सेल असेल तर झाकणाचा स्क्रू घट्ट लावायचाच. तान्ह्याने असा सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. लगेच दवाखाना गाठायचा. आणि भिंतीतल्या २३० व्होल्टवर चालणारी वस्तू मुलांनी उघडायचीच नाही.

हे ऐकून पोरीचं तोंड जरा उतरलं. "मग मिक्सर? तो सकाळपासून बंद आहे." म्हटलं, उघडू नकोस, प्लग काढ आणि उलटा करून बघ. खाली लाल बटण होतं. जास्त भार पडला की ते बाहेर येतं. तिने ते दाबलं, प्लग लावला आणि मिक्सर सुरू झाला. वहिनींनी बारा वर्षांत ते बटण पाहिलंच नव्हतं.