टक्क्यांपलीकडचे धरण

पावसाळ्यात बीड जिल्ह्यात दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, 'तलावात किती टक्के?' पालीजवळच्या बिंदुसरा तलावाची चादर वाहू लागली की बीडकर मुलाबाळांसह ती पाहायला जातात. भिंतीकडे मात्र कोणी पाहत नाही. त्यात नवलही नाही. आमच्याच केज तालुक्यात धनेगावला असलेले मांजरा धरण आटले, तेव्हा २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तहानलेल्याला धरणात पाणीच दिसणार!

धरणांचेही वर्ग असतात. आम्ही बँकेत १९९२ नंतर कर्जाचे करीत होतो तसेच: उत्तम, दुय्यम, संशयित, बुडीत. पण इथे हिशेब दोन आहेत. एक धरणाच्या तब्येतीचा. पाहणीत सापडलेल्या त्रुटींचे तीन वर्ग पाडतात. पहिल्यातल्या धरण फुटण्यापर्यंत नेऊ शकणाऱ्या, दुसऱ्यातल्या तातडीने दुरुस्त करण्याच्या, तिसऱ्यातल्या किरकोळ. दुसरा हिशेब धरणाचा नाहीच, तो खालच्या वस्तीचा. भिंत फुटलीच तर किती माणसे, किती घरे पाण्याच्या वाटेत येतील? त्यामुळे ठणठणीत धरणही अधिक धोक्याच्या वर्गात बसू शकते. आणि धरणाचा एक दगडही न हलता तो वर्ग बदलतो, कारण माणसे नदीच्या जवळ सरकतात. बिंदुसरा तर बीड शहराच्या मधूनच वाहते. जुलै १९८९ च्या पुराने या शहरातली माणसे नेली. ती रात्र आठवणारी पिढी आता थकली.

धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. पंधरा मीटरहून उंच धरणे सरसकट त्यात येतात. दहा ते पंधरा मीटरची येतात ती काही अटींवर, उदाहरणार्थ साठा किमान दहा लाख घनमीटर असेल तर. पावसाळ्याआधी व नंतर तपासणी आणि पाच वर्षांत आपत्कालीन आराखडा, ही जबाबदारी धरणाच्या मालकाची.

त्याहून लहान तलावांचे काय? १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर आमच्याकडे पाझर तलाव झाले. त्यांच्या पायथ्याला गावाची पाणीपुरवठ्याची विहीर असते, आणि विहिरीच्या आसऱ्याने हळूहळू वस्ती. बांधावर बाभळी वाढतात, मुळे आत शिरतात, सांडवा गाळाने बुजतो. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की तो टिकत नाही.

चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, वीसेक माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी दोष दिला तो खेकड्यांना. कर्ज बुडाल्यावर उंदरांनी कागद खाल्ल्याचे मीही ऐकले आहे.

पुढच्या ग्रामसभेत टक्केवारी विचारून झाल्यावर एवढे विचारावे: शेवटची तपासणी कधी झाली, शेरा काय पडला, आणि रात्री दोन वाजता पाणी आले तर खालच्या वस्तीला उठवायला कोण जाणार?