आगगाडी मोबाईलवर आली, पण जुन्या इंजिनाचं काय?

हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीने एचएम ७००० हे ब्लूटूथ डिकोडर आणले आणि मॉडेल रेल्वेवाल्यांच्या हातात कंट्रोलरऐवजी मोबाईल आला. ॲप उघडा, इंजिन निवडा, बोट सरकवा, गाडी चालू. व्हिडिओ बघून तुमच्यापैकी अनेकांना हा छंद आत्ताच कळला असेल. पण ज्यांच्या घरी आधीपासून लेआउट आहे, त्यांचा प्रश्न वेगळाच आहे. जुनी इंजिनं टाकून द्यायची का?

माझं उत्तर: नाही. फक्त रुळांना दोन्ही प्रकारची वीज देता आली पाहिजे, आणि ती एकाच वेळी कधीही नाही.

जुन्या पद्धतीत, म्हणजे डीसीत, रुळावर ० ते १२ व्होल्ट असतात. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, प्लस-मायनस उलटे केले की गाडी मागे जाते. १९९०च्या दशकात रुळलेल्या डीसीसीत मात्र रुळावर कायम १५ व्होल्टच्या आसपास वीज असते. तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते आणि त्या उलटण्याच्या कालावधीतच आज्ञा लपलेली असते. इंजिनातली चिप, म्हणजे डिकोडर, ती वाचते.

आता बिनचिपचं इंजिन या रुळावर ठेवलं तर? माझ्याकडून हे एकदा झालंय. इंजिन जागचं हललं नाही, नुसतं गुणगुणत राहिलं. मला वाटलं चाकं घाण झालीत, म्हणून पुसत बसलो. तेवढ्यात जळका वास आला. मोटार गेली! ब्लूटूथवाल्या सेटमध्ये रुळावर कायम पूर्ण डीसी ठेवली असेल, तर गंमत उलटी: जुनं इंजिन थेट फुल स्पीडने सुटतं आणि पहिल्याच वळणावर टेबलाखाली.

उपाय म्हणजे एक साधा डीपीडीटी स्विच. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळेल. त्याला सहा पिना असतात. मधल्या दोन रुळाला, एका टोकाच्या दोन डीसी कंट्रोलरला, दुसऱ्या टोकाच्या दोन डीसीसीला. मधे ‘ऑफ’ असलेलाच घ्या आणि पाच अँपिअरचा घ्या. जुना डीसीचा फीडर ट्रॅक असेल तर त्यातला कपॅसिटर काढून टाका, कारण तो डीसीसीचा सिग्नल बिघडवतो.

इथवर सोपं आहे. खरी चूक होते ती अर्ध्या लेआउटला डीसी आणि अर्ध्याला डीसीसी देण्यात. मधे रुळाला फट ठेवली म्हणून आपण निर्धास्त असतो, पण इंजिनाची पुढची चाकं फटीपलीकडे आणि मागची अलीकडे असली की दोन्ही सिस्टीम त्या इंजिनातूनच जोडल्या जातात. मग डीसी कंट्रोलर जळतो किंवा बूस्टर. दिवे असलेला डबासुद्धा हाच उद्योग करू शकतो.

मुंबई लोकलने हाच प्रश्न खऱ्या मापात सोडवला. १९२५ पासून तिथे १५०० व्होल्ट डीसी होती. २५,००० व्होल्ट एसीकडे जायला वर्षं लागली आणि मध्य रेल्वेवर हे काम २०१६ मध्ये संपलं. त्या काळात दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या मधल्या वीज नसलेल्या पट्ट्यातून नुसत्या वेगावर पुढे जायच्या. डब्यातले दिवे-पंखे क्षणभर बंद व्हायचे, आठवतंय? टेबलावरही तसाच मृत पट्टा लागतो, वीज घेणाऱ्या सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब. एवढी जागा कुणाच्या घरी असते? म्हणून मी सांगेन, अख्खा लेआउट एकाच स्विचवर ठेवा.

‘नवीन इंजिन दोन्हींवर चालतं’ ही जाहिरात खोटी नाही, पण तीच सोय कधी अंगावर येते. डिकोडरला डीसीची परवानगी असेल, तर डीसीसीतून स्विच फिरवताच ते कंट्रोलरवर उरलेलं व्होल्टेज पकडून पळतं. सीव्ही २९ मध्ये बहुतेक वेळा ६ असतो, तो २ केला की डीसी बंद. मी माझ्या सगळ्या चिपवाल्या इंजिनांत ते केलंय. आणि स्विच फिरवण्याआधी कंट्रोलरची नॉब शून्यावर आणतो.