घोळणा आणि भोवळ : 'उष्णता' म्हणून थांबू नये

फाल्गुन-चैत्रात साखळीत ऊन तापू लागले की नाक धरून दवाखान्यात येणारी मुले वाढतात. सोबतची आजी निदान घेऊनच आलेली असते : 'उष्णता बाधली, म्हणून घोळणा फुटला.' पुष्कळदा तिचे फारसे चुकत नाही. नाकाच्या पडद्याच्या पुढील भागात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. कोरडी हवा, सर्दी किंवा बोट घालण्याची सवय एवढ्यानेही त्यातून रक्त येते. परंतु त्याच मुलाला भोवळही येत असेल, तर दोन्ही तक्रारी एका शब्दात मिटवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम क्रम विचारावा. रक्त पाहून घाबरलेले मूल क्षणभर शुद्ध हरपते आणि आडवे करताच सावध होते. हे बहुधा निरुपद्रवी असते. वरचेवर रक्त जाऊन पंडुरोग झाला असेल, तर चक्कर त्याचीही असू शकते. मात्र धावताना, पोहताना किंवा मोठ्या आवाजाने दचकून मूल कोसळले असेल, तर ईसीजी काढलाच पाहिजे. मुलाचा रक्तदाब त्याच्या दंडाला बसेल अशा लहान पट्ट्याने मोजावा आणि जांघेतील नाडीही चाचपावी. महाधमनी जन्मतः अरुंद असल्यास हातातील रक्तदाब वाढलेला असतो, तर जांघेतील नाडी मंद लागते.

मग घराण्याची चौकशी करावी. फिनलंडच्या आलंड बेटांवरील एक पाच वर्षांची मुलगी 1924 साली डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांच्या पाहण्यात आली. त्यांनी तिच्या नात्यागोत्यातील 66 जणांची माहिती जमवली. 23 जणांत रक्तस्रावाची प्रवृत्ती आढळली. 1926 मध्ये त्यांनी वर्णिलेला हा आनुवंशिक विकार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तो मुलींनाही होतो, आणि त्यात प्लेटलेट व रक्त गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्या निर्दोष येऊ शकतात. म्हणून आईची पाळी फार जाते काय, दात काढल्यावर घरात कोणाचे रक्त लवकर थांबले नव्हते काय, हे प्रश्न अहवालाइतकेच मोलाचे आहेत.

ताप असेल तर आपला परिसर विसरू नये. शेजारच्या सत्तरीत 2015 साली पाली येथे माकडतापाचे रुग्ण आढळले. काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्यांना गोचिडीमुळे होणाऱ्या या तापात काहींना नाका-हिरड्यांतून रक्त येते. डेंग्यूचाही विचार हवाच.

गर्दीच्या वेळी इतके विचारायला सवड कुठे, असे काही व्यवसायबंधू म्हणतील. पण या प्रश्नांना दहा मिनिटे पुरतात, आणि कोणाला मोठ्या तपासणीसाठी बांबोळीस धाडायचे व कोणाला धीर देऊन घरी पाठवायचे, हे त्यातूनच ठरते. सरसकट सर्वांना चाचण्या लिहून देणे हा त्यास पर्याय नव्हे.

पालकांनीही मुलाला उताणे निजवून डोक्यावर पाणी ओतू नये. त्याला बसवून, किंचित पुढे वाकवून, नाकाचा मऊ भाग सलग दहा मिनिटे दाबून धरावा. रक्त तरीही थांबत नसेल तर तात्काळ रुग्णालय गाठावे. भोवळ आल्यास कांदा वा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. मूल काय करीत असता पडले, किती वेळात सावध झाले, हातपाय झटकले काय, हे नीट पाहून डॉक्टरांना सांगावे. ते वर्णन निदानाची अर्धी वाट सोपी करते.