भुतांचा फराळ

‘हॅलोवीन’ हा शब्द नांदगावात पहिल्यांदा कानावर आला तेव्हा माझ्या सासूबाईंना ते कुठल्यातरी नव्या साबणाचं नाव वाटलं होतं. आता तसं राहिलेलं नाही. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांतून, इंग्रजी शाळांतून आणि प्रत्येकाच्या हातातल्या मोबाईलमधून ते आमच्या तिठ्यापर्यंत येऊन पोचलंय. ऑक्टोबर संपत आला की प्लास्टिकचे भोपळे आणि काळ्या टोप्या दिसू लागतात, आणि त्यांच्या मागोमाग दरवर्षीचा वाद येतो. एक बाजू म्हणते, ‘आपली संस्कृती बुडाली.’ दुसरी म्हणते, ‘मुलांची मजा आहे हो, असू दे.’ मला या दोघांनाही एकच विचारायचंय, त्या पार्टीचं खाणं करतं कोण?

उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. ज्या पंधरवड्यात चकलीची भाजणी दळून आणायची, करंज्यांचं सारण परतायचं, माळ्यावरचे डबे काढून घासायचे, त्याच पंधरवड्यात आता कुणीतरी फोनवर फोटो पाठवतं. कोळ्याच्या जाळ्याचं डिप, बोटांची बिस्किटं, डोळ्यांचं सरबत. खाली लिहिलेलं असतं ‘अगदी सोप्पं!’ आणि साहित्याच्या यादीत पाच वस्तू अशा, की ज्या कणकवलीच्या बाजारातही मिळायच्या नाहीत.

2024 साली तर कमालच झाली. नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी, 31 ऑक्टोबरला आले. माझ्या नणंदेची मुलं सुट्टीला म्हणून नांदगाव रोडला उतरली ती तोंडं पाडूनच. त्यांच्या सोसायटीतली पार्टी बुडाली होती ना! ‘मामी, इथे करूया ना,’ म्हणून दोघं पदराला लोंबकळली. ताई म्हणाल्या, ‘वहिनी, तू नाही म्हण, मी काही बोलणार नाही.’ सासूबाई मात्र लगेच बोलल्या, ‘हय भुतां काय कमी आसत, म्हणान तू अमेरिकेतली आणतस?’

त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. भुतांच्या बाबतीत आमचा जिल्हा स्वयंपूर्ण आहे. देवचार, मुंजा, समंध, खवीस, झोटिंग, चकवा, प्रत्येकाची जागा ठरलेली आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. 2016 साली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका आली आणि सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा बघायला लांबून लांबून माणसं येऊ लागली. म्हणजे आमची भुतं टीव्हीवरही चालली. मग मुलांना परदेशी भूत का लागतं, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारायला हवा.

आणि ते परदेशी तरी किती परदेशी? आयर्लंडकडच्या लोकांची ही जुनी प्रथा. सुगी संपून थंडी सुरू होताना गेलेली माणसं घरी येतात, ही त्यामागची समजूत. तिकडे ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. ही माणसं अमेरिकेत गेली तेव्हा तिथे सलगमापेक्षा भोपळा मोठा, मऊ आणि कोरायला सोपा मिळाला, म्हणून भोपळा. इंग्लंडात या दिवसांत मेलेल्यांच्या नावाने छोटे केक वाटत, मुलं दारोदार फिरून ते गोळा करत. आपण भाद्रपदात म्हाळ घालतो, कावळ्याला वाडी ठेवतो, त्यात आणि यात फार अंतर आहे असं मला वाटत नाही. आपल्याकडचे ख्रिस्ती शेजारीसुद्धा 2 नोव्हेंबरला आपल्या माणसांच्या कबरीवर फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जातात. आणि शेतातल्या बुजगावण्याच्या मडक्याला चुन्याने डोळे-दात काढणारे आपण, कोरलेल्या भोपळ्याला काय म्हणून नाकं मुरडायची?

आमच्या दक्षिणेकडे, सावंतवाडी-वेंगुर्ल्यापासून थेट गोव्यापर्यंत, आदल्या रात्री नरकासुर करतात. गवत, कागद, बांबू, लाल जीभ, वटारलेले डोळे. रात्रभर मिरवायचा आणि पहाटे जाळायचा. मग अंघोळीनंतर तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडायचं, ‘गोविंदा’ म्हणायचं, त्याचा कडूजहर थेंब जिभेला लावायचा आणि चावदिवसाचे पोहे खायला बसायचं. गोडे पोहे, तिखट पोहे, दहीपोहे, दुधातले पोहे, आणि जोडीला काळ्या वाटाण्याची उसळ. दिवसभर एकमेकांच्या घरी जाऊन फोव खायचे. राक्षस, मुखवटा, रात्रीचा धिंगाणा, दारोदार खाऊ, सगळं आहेच की यात! फक्त ते दुकानात पाकिटात मिळत नाही, म्हणून मुलांना दिसत नाही.

तेव्हा मी ‘हो’ म्हटलं, पण एक अट घातली. नवीन काहीही तळलं जाणार नाही. घरात जे आहे त्यालाच भूत करायचं. आणि सोलणं, ढवळणं, भांडी विसळणं हे ज्यांना पार्टी हवी त्यांनी करायचं, त्यात भाचासुद्धा आला.

डिप म्हणजे तरी काय? बुडवून खायची चटणी, भरीत, रायतं. आम्ही तीन केली.

काळं डिप अर्थातच काळ्या वाटाण्याचं. पोह्यांबरोबरच्या उसळीसाठी वाटाणे भिजत घालायचेच होते, वाटीभर जास्त टाकले. हे वाटाणे हट्टी असतात. रात्रभर, म्हणजे किमान दहा तास, भिजवायला हवेत, आणि मीठ घालून कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या. मग चार लसूणपाकळ्या, दोन चमचे भाजलेले तीळ, अर्ध्या लिंबाचा रस आणि दोन चमचे शेंगतेल घालून वाटायचे. सालं जरा कचकचतात, त्यामुळे मिक्सर थोडा जास्त वेळ फिरवायचा आणि शिजवलेलं पाणी टाकून न देता त्यातलंच लागेल तसं घालायचं. नुसत्या वाटाण्यांचा रंग राखेसारखा येतो. काळा हवा असेल तर सुकं खोबरं चांगलं गडद भाजून त्यात वाटायचं, पण जळू द्यायचं नाही, नाहीतर कडू होतं. पसरट बशीत काढून वर घट्ट दह्याने गोल गोल वर्तुळं काढायची आणि टूथपिकने मधून बाहेर रेघा ओढायच्या. झालं जाळं! मध्ये एक अख्खा वाटाणा ठेवला आणि त्याला कोथिंबिरीच्या काड्यांचे आठ पाय लावले. हे काम भाच्याने केलं, आणि आठच पाय असतात हे त्यानेच मला बजावलं.

लाल डिप सोपं आहे. उकडलेलं बीट किसून चक्क्यात घालायचं आणि वरून आगळ. इथे मुंबईच्या मैत्रिणींसाठी एक सूचना. आगळात मीठ असतंच, त्यामुळे चव बघितल्याशिवाय वेगळं मीठ घालू नका. आणि दुधात आगळ घालाल तर ते फाटेल, दही किंवा नारळाचं दूध चालतं. बशीच्या कडेने दोन-चार ओघळ सोडले की मुलं किंचाळतात.

हिरव्यासाठी मला काही करावंच लागलं नाही. अळवाचं फदफदं! नावातच अर्धी भीती आहे. जरा आटवून घट्ट केलं आणि ‘हडळीच्या कढईतलं’ अशी चिठ्ठी भाचीने त्यावर लावली. एरवी अळू बघून नाक मुरडणाऱ्या मुलांनी ते नाचणीच्या पापडाने पुसून खाल्लं.

बुडवायला कडबोळी. पिठाचा गोळा वळवून कडं करायच्या ऐवजी बोटाएवढा सरळ ठेवायचा, दोन ठिकाणी सुरीने सांध्याच्या रेघा, टोकाला सोललेल्या बदामाची पाकळी नखासारखी दाबायची. तळणं एरवीचंच, एक घाणा बोटांचा एवढंच. शंकरपाळ्यांच्या लाटीतून हाडं कापली. वेलची केळी अर्धी कापून उभी ठेवली, दोन मनुकांचे डोळे लावले की पांढरी भुतं तयार. अगदी लहान मुलं असतील तर मनुका बारीक चिरून लावा, आणि द्राक्षं ठेवणार असाल तर ती उभी चिरा, घशात अडकायला नकोत.

एका गोष्टीला मी ठाम नकार दिला, ती म्हणजे धूर येणारं सरबत. त्या फोटोंतला धूर बहुतेकदा ड्राय आइसचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. त्याचं तापमान शून्याखाली 78 अंश. 2024 च्या मार्चमध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात तो मुखवास समजून खाल्लेल्या माणसांच्या तोंडातून रक्त आलं होतं. मुलांच्या हाताशी ही वस्तू नकोच. कोकम सरबतात मनुका खोचलेले रसगुल्ले सोडले, त्यातच पुरेसे डोळे झाले.

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. मग भाची केस मोकळे सोडून, माझी हिरवी साडी गुंडाळून आली. तिला हडळ व्हायचं होतं. उलटी पावलं कशी चालायची, हे ती आजीला विचारायला गेली. आणि सकाळपासून चिठ्ठ्या वाचून हसणाऱ्या सासूबाई एकदम गप्प झाल्या. म्हणाल्या, ‘बाकी कायव हो. तिचा सोंग घेव नको.’

साठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सासूबाईंची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पावसाचे दिवस, नदीला पाणी, डोलीतून न्यायचं तर न्यायचं कुठे? बाळ गेलं, आणि पहाटे तीही गेली. त्यानंतर वाडीतल्या पोटुशी बायका त्या बांधावरून जाईनात. कुणाला ताप आला, कुणाला आकडी आली, की तिचंच नाव. काही वर्षांनी तर नावही राहिलं नाही, नुसती ‘ती’ झाली. सासूबाई तेव्हा वीस-बावीस वर्षांच्या असतील. आपल्या सख्ख्या बहिणीला लोक घाबरतात, हे त्यांनी आयुष्यभर ऐकलं.

आपल्या भुतांची यादी जरा नीट वाचा. मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर आणि लग्नाआधी मेलेला मुलगा. आलवंतीण आणि हडळ म्हणजे बहुतेक ठिकाणी बाळंतपणात गेलेली बाई. म्हणजे रक्तस्राव थांबला नाही, झटके आले, डॉक्टर नव्हता, गाडी नव्हती, रस्ता नव्हता. ज्यांच्याकडून तिला वाचवणं झालं नाही, त्यांनीच तिचे पाय उलटे केले आणि पिंपळावर बसवली. वर तिच्याच नावाने जिवंत बायकांना धाक, तिन्हीसांजेला बाहेर पडू नको, केस सोडू नको, एकटी जाऊ नको. कुणी जरा वेगळी वागली की ‘लागलं’ म्हणून तिला बडवायचं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा गुन्हा आहे, हे कायद्यात यायला आपल्याकडे 2013 साल उजाडावं लागलं.

म्हणून हॅलोवीनला विरोध करणाऱ्यांशी माझं भांडण आहे, आणि सरसकट ‘मजा आहे’ म्हणणाऱ्यांशीही आहे. राक्षसाला हसा, खुशाल हसा. नरकासुराने 16,100 स्त्रिया कोंडून ठेवल्या होत्या, अशी कथा आहे. सत्यभामा कृष्णाबरोबर त्या युद्धाला गेली होती, हेही मुलांना सांगा. त्याच्या नावाने चकल्यांचे साप करा, त्याची जीभ बिटात बुडवून खा. पण हडळीचा पोशाख भाड्याने आणण्याआधी ती कोण होती, हे आपल्या मुलीला सांगायला काय हरकत आहे? दहा वर्षांच्या मुलीला कळतं. माझ्या भाचीला कळलं. तिने आजीला एवढंच विचारलं, ‘तिचं नाव काय होतं?’ आणि सासूबाईंनी ते सांगितलं. मी या घरात येऊन सव्वीस वर्षं झाली, मीसुद्धा ते पहिल्यांदाच ऐकलं.

भाची मग कोळीण झाली. म्हणजे जाळं विणणारी, मासे विकणारी नव्हे. काळ्या ओढणीचे आठ पाय केले. फदफद्यावरची चिठ्ठी तिनेच काढली आणि ‘नरकासुराची शेंबडी आमटी’ अशी दुसरी लावली, जी वाचून ताईंनी जेवण सोडलं. शेजारपाजारची धरून बारा मुलं होती. वाटीभर वाटाण्यांचं डिप त्यांना पुरून उरलं. दुसऱ्या दिवशी मी ते पातळ करून, ओल्या खोबऱ्याचं वाटण लावून उकळलं आणि भाताबरोबर वाढलं. सासूबाईंनी दोनदा मागून घेतलं. तीळ कशाला घातलेस, एवढं मात्र विचारलं.