कर्जाचे मध्यस्थ आणि घराचा वकील

घर घेण्याचा निश्चय जाहीर होताच ज्या मंडळींचा राबता माणसाभोवती सुरू होतो, त्यांत बँकेचा कर्ज-अधिकारी असतो, गृहवित्त संस्थेचा प्रतिनिधी असतो, बिल्डरच्या विक्री-कार्यालयातच टेबल मांडून बसलेला मदतनीस असतो, आणि धंद्यात ज्याला ‘डीएसए’ म्हणतात तो, अनेक बँकांचे काम एकट्याने पाहणारा, एजंटही असतो. यांपैकी कोणावर किती विसंबावे हे ठरवण्यापूर्वी, त्याचा मेहनताना कोण देतो, हे त्याला निःसंकोचपणे विचारावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

डीएसएची दलाली बँक देते आणि ती वितरित कर्जाच्या रकमेवर ठरते. एवढ्याने तो अप्रामाणिक ठरत नाही. कागदपत्रे जमवणे, दोन-तीन बँकांचे दर पुढे ठेवणे, रखडलेल्या फायलीचा पाठपुरावा करणे ही कामे कित्येकजण इमानेइतबारे करतात, आणि ज्याला पगारपत्रक नाही अशा दुकानदाराला तर त्यांचा मोठाच आधार असतो. तथापि कर्ज वाढले की दलाली वाढते, हे ध्यानी ठेवले म्हणजे ‘अजून पाच लाख सहज बसतील’ या आश्वासनाचे मोल नीट करता येते.

बँक आणि गृहवित्त संस्था यांतील भेद अधिक सूक्ष्म आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराचे नवे गृहकर्ज रेपो दरासारख्या बाह्य मानदंडाशी जोडावे लागते. गृहवित्त संस्थांवर ते बंधन नसल्याने त्या आपला मूळ दर स्वतः ठरवतात. ५० लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जावर साडेआठऐवजी नऊ टक्के दर पडला, तर मुदतीअखेर पावणेचार लाखांहून अधिक रक्कम जादा जाते.

परंतु ज्याची निवड सर्वांत जपून करावयाची, तो या मंडळींत नसतोच. तो म्हणजे खरेदीदाराचा स्वतःचा वकील. बँकेच्या पॅनेलवरील वकील दुय्यम निबंधकाच्या दप्तरातील, सामान्यतः ३० वर्षांच्या, नोंदी तपासून सर्च रिपोर्ट देतो, त्याची फी बहुधा कर्जदाराकडूनच वसूल होते, आणि तरीही त्याचा पक्षकार बँकच असते. उद्या मालकीवर दिवाणी दावा उभा राहिला, तर ताबा लांबेल, हप्ता मात्र थांबणार नाही. आपल्याकडे असे कज्जे पुष्कळदा जमिनीच्या वारसांतून उद्भवतात: सातबाऱ्यावर भावांचीच नावे, बहिणींची हक्कसोडपत्रे झालेलीच नाहीत किंवा झाली ती नोंदणीविना, आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींचा जन्मसिद्ध हक्क मुलांच्या बरोबरीने मान्य झालेला. फेरफार मागे मागे वाचत जाऊन ही उणीव हुडकणाऱ्या वकिलाची फी घराच्या किमतीपुढे क्षुल्लक असते, आणि नेमकी तीच वाचवली जाते, याचे मला मनापासून दुःख होते. ‘प्रकल्प बँकेने मंजूर केला आहे’ हे बिल्डरच्या टेबलावरचे वाक्य त्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

बिल्डरने महारेराच्या संकेतस्थळावर नोंदवलेला मालकी हक्काचा अहवाल कोणालाही पाहता येतो. तो उतरवून आपल्या वकिलाकडे न्यावा आणि लेखी अभिप्राय मागावा. ‘आजच रक्कम भरा’ असा तगादा लागल्यास, नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास रेरा कायद्याच्या कलम १३ ने मनाई केली आहे, हे शांतपणे सांगावे.