बाहेर उकळी, आत बर्फ

गेल्या महिन्यात 78 वर्षांच्या एका आजींना जुलाब-उलट्यांनी क्षीण झालेल्या अवस्थेत माझ्याकडे आणले होते. सूनबाई कळवळून सांगू लागल्या, "डॉक्टर, आईंना शक्ती यावी म्हणून चिकनचे सूप केले. फ्रीझरमधल्या तंगड्या उकळत्या पाण्यात घातल्या आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे ठेवल्या." हाडाजवळचे मांस कच्चे राहिल्याचे त्यांच्या नंतर लक्षात आले. आजाराचे कारण तेच, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण शंकेला जागा होती. सुदैवाने सलाईनने आजी सावरल्या.

वाचकहो, सूनबाईंच्या मायेत काही उणे नव्हते. चूक झाली ती वेळ मोजण्यात.

बर्फ नुसता वितळवण्यास जेवढी उष्णता खर्च होते, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापले असते. उणे 18 अंशांवरचे अर्धा किलो मटार एक लिटर उकळत्या पाण्यात टाकून गॅस बंद केला, तर पाणी 50 अंशांच्याही खाली उतरते. मटार लहान असल्याने, गॅस चालू असेल तर ते लवकर तापतात. कोंबडीच्या जाड तुकड्यात मात्र उष्णता पृष्ठभागाकडून आत हळूहळू झिरपते. जाडी दुप्पट झाली, की वेळ साधारण चौपट लागतो. आच वाढवूनही उपयोग नाही, कारण उघड्या पातेल्यातील पाणी 100 अंशांच्या वर जात नाही.

गोठवल्याने बहुतेक जंतू मरत नाहीत, केवळ त्यांची वाढ थांबते. उतारवयात प्रतिकारशक्ती मंदावते. आम्लपित्ताच्या गोळ्यांनी जठरातील आम्लाचा पहाराही ढिला पडतो. म्हणून ज्येष्ठांसाठी स्वयंपाक करताना पुढील पथ्ये पाळावीत.

मांस आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात झाकून ठेवावे. ओट्यावर उघडे ठेवून वितळवू नये. गोठलेलेच शिजवायचे असल्यास भरपूर पाणी घ्यावे, तुकडे थोडे-थोडे सोडावेत, झाकण ठेवावे, पुन्हा खळखळून उकळी आल्यावरच वेळ मोजावा आणि एरवीच्या निदान दीडपट वेळ द्यावा. शेवटी सर्वांत जाड तुकडा हाडापर्यंत कापून पाहावा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असल्यास गाभ्याशी 74 अंश दिसले पाहिजेत.

गोठवलेले मटार आणि मकाही न शिजवता कोशिंबिरीत घालू नयेत. 2018 साली युरोपातील लिस्टेरिया जंतूंच्या साथीचे मूळ गोठवलेल्या मक्यात सापडले होते.

पातेल्यातील उकळी पाण्याची असते. घास शिजला की नाही, हे त्याच्या गाभ्यालाच विचारावे.