टांकसाळीतले अपपाठ

रुपयाच्या एखाद्या नाण्यावर अक्षरांपासून कडेपर्यंत गेलेली केसाएवढी रेघ दिसली, की हौशी संग्राहक लगेच तिची किंमत विचारू लागतात. आमच्या मते या प्रश्नात एक पायरी गाळली जाते. ती रेघ पृष्ठभागावर उठलेली आहे की आत खोल गेलेली, हे आधी पाहायला हवे. उठलेली असेल, तर साच्याला तडा गेला होता आणि दाबाखाली धातू त्या तड्यात शिरला, असे समजावे. खोल असेल, तर तो बहुधा खिशातल्या किल्ल्यांचा पराक्रम!

हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांना हा विवेक परका वाटू नये. लेखनिकाची डुलकी आणि कसरीने पाडलेले भोक, दोहोंमुळे अक्षर नाहीसे होते. पण अपपाठ म्हणायचे ते पहिल्यालाच. तो अपपाठ पुढच्या प्रतींत उतरला, तर प्रतींचे परस्परांशी नाते उमगते. तडकलेल्या साच्याचेही तसेच. त्यातून पडणाऱ्या प्रत्येक नाण्यावर तीच रेघ उमटते आणि तडा वाढेल तशी लांबत जाते. तिच्यावरून नाण्यांचा क्रम लावता येतो.

बाजाराला नेमके हेच नको असते. अशी नाणी पुष्कळ, म्हणून त्यांना दर्शनी मूल्यापलीकडे फारसे कोणी देत नाही. उलट अर्धा ठसा चकतीबाहेर गेलेल्या नाण्याला गिऱ्हाईक सापडते. ते चमत्कारिक दिसते खरे. पण त्यातून कळते ते एकाच आघाताविषयी.

याहून वाईट म्हणजे, जी चूकच नव्हे तिचीही किंमत सांगितली जाते. सालाखाली मुंबईचा चौकटीच्या आकाराचा ठिपका, हैदराबादचा तारा आणि नोएडाचा गोल ठिपका असतो. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसतेच. ती नसणे म्हणजे टांकसाळीची विस्मृती नव्हे. जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारात आपले नाव व बोधचिन्ह वापरून लोकांकडून शुल्क, कमिशन उकळले जाते, असा इशारा रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट 2021 मध्ये द्यावा लागला होता.

तडकलेल्या साच्याचा सुटा रुपया आम्ही खुशाल खर्चून टाकू. एकाच साच्याचे तीन-चार हाती लागले, तर मात्र साल आणि खूण टिपून, रेघेच्या लांबीप्रमाणे ओळीने लावून ठेवू.